‘पद रंगलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

संगीत नाटकाचा पडदा पडला की बाहेर चहाच्या टपरीवर ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘गळा काय आहे!’ ‘दुसऱ्या अंकातलं पद रंगलं.’ ‘गातो उत्तम, पण नट म्हणून कच्चा.’ पुढे वर्तमानपत्रात परीक्षण येतं, त्यात शब्द जरा जड होतात इतकंच. मी बरीच वर्षं हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली आहे. रंगमंचाच्या पायथ्याशी बसून, मान वर करून गाणारे नट बघण्यात कितीतरी रात्री गेल्या. तिथे बसून एक प्रश्न मला सतत पडायचा. पद रंगलं असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? सूर चोख लागला, तान स्वच्छ गेली, हे तर मैफलीतही होतं. मग नाटकात जास्तीचं काय घडलं?

याचा शोध घ्यायला बालगंधर्वांइतकं चांगलं उदाहरण नाही. नारायण श्रीपाद राजहंस, स्त्रीभूमिका करणारे गायक नट, जन्म 1888, निधन 1967. मराठी माणसानं दुसऱ्या कुठल्याही नटाचं इतकं कौतुक केलेलं नाही. त्या कौतुकात गाणं, रूप, शालू, दागिने, स्वभाव असं सगळं एकमेकांत इतकं मिसळून गेलं आहे की नट म्हणून त्यांनी केलेलं काम त्यातून निवडून बाजूला काढावं लागतं. ते काढता आलं, तर आज एखाद्या तरुण गायक नटाबद्दल लिहिलेलं परीक्षणही आपल्याला नीट वाचता येईल.

आधी नटापुढची अडचण काय असते ते बघू.

गद्य नाटकात वेळ पुढे सरकत असते. एक पात्र बोलतं, दुसरं उत्तर देतं, गोष्ट चार पावलं पुढे जाते. पद सुरू झालं की गोष्ट थांबते. रुसलेली नायिका ‘मी रुसले आहे’ हे दोन वाक्यांत सांगून झालेली असते, आणि आता तेच ती आठ-दहा मिनिटं गाणार असते. समोरचा नट तेवढा वेळ उभा. जगात असं कुणी वागत नाही, हे प्रेक्षकाला माहीत असतं. तरीही त्याला ते खटकू नये, उलट ती दहा मिनिटं नसती तर रुसवा अपुराच राहिला असता असं वाटावं, ही नटाची जबाबदारी. गायकावर ही जबाबदारी नसते. मैफलीत गायक रागाशी इमान राखतो. नाटकात रागाच्या जोडीनं पात्राशी, म्हणजे भामिनीशी, रुक्मिणीशी, सिंधूशीही इमान राखावं लागतं, आणि या दोन इमानांची ओढाताण होतेच.

ही ओढाताण पहिल्यापासून इतकी कठीण नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग 1880 साली पुण्यात झाला. त्या नाटकात दोनशेच्या आसपास पदं होती. आकडा ऐकून दडपायला होतं, पण त्यातली पुष्कळ पदं छोटी होती. साक्या, दिंड्या, कामदा, अंजनीगीत. कीर्तनात आणि घरातल्या बायकांच्या तोंडी ज्या चाली होत्या, त्यांच्यातच संवाद बांधलेला. दोन कडवी म्हणायची आणि पुढे बोलायचं. बोलणं आणि गाणं यांच्यात उंबरठ्याएवढंच अंतर होतं, पाय उचलला की पलीकडे.

पुढे हे अंतर वाढलं, आणि ते मुख्यतः बालगंधर्वांच्याच नाटकांमधून वाढलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ 1911 साली आलं. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, आणि त्यांत ठुमरी-दादऱ्याचा उत्तरेकडचा नखरा आला. 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, त्यांनी तर ख्यालाच्या बंदिशींचं घर नाटकात आणलं. यमन, बिहाग, भूप यांच्यासारखे राग आता विस्तार मागत होते. पदं मोठी झाली, आलापाला जागा झाली, तानेला मोकळीक मिळाली. उंबरठ्याच्या जागी आता दरी होती आणि नटाला ती दर रात्री ओलांडायची होती. बालगंधर्वांचं मोठेपण मी इथून मोजतो. ज्या काळात ही उडी सगळ्यात लांब झाली, त्याच काळात त्यांनी ती उडी आहे हे प्रेक्षकाला जाणवू दिलं नाही.

कसं? याचा पहिला भाग पदाच्या आधी, गद्यातच घडतो.

साथीदार म्हणून मला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. पदाला दोन-तीन वाक्यं उरली की ऑर्गनवाला हलकेच षड्ज, म्हणजे ‘सा’, धरतो. ऑर्गन पायानं भाता मारून वाजवतात, त्यामुळे दोन्ही हात मोकळे असतात आणि सूर न तुटता भरून राहतो. प्रेक्षकाला तो ऐकू येतोच असं नाही, नटाला मात्र यायला हवा. चांगला नट उरलेली वाक्यं त्या सुराकडे वळवत नेतो. वाक्याची शेवटची दोन अक्षरं बोलीत असतात, तरी स्वरावर येऊन टेकलेली असतात. मग पदाचा पहिला शब्द येतो तेव्हा काही ‘सुरू झालं’ असं वाटत नाही, बोलणंच जरा उंच झालं असं वाटतं.

याच्या उलट काय होतं तेही मी पाहिलं आहे. आमच्या एका नाटकात नायकाची भूमिका करणाऱ्याचा गळा खरोखर दैवी होता. पण तो वाक्य संपवायचा, पाय जुळवून उभा राहायचा, तबलजीकडे बघायचा, घसा साफ करायचा आणि मग पहिला सूर लावायचा. तान सुटली की टाळी हमखास. पण ज्या नायिकेशी तो दोन मिनिटांपूर्वी भांडत होता, ती मधल्या काळात रंगमंचावरून जणू पुसली गेलेली असायची. पद संपल्यावर भांडण पुन्हा पेटवायला त्या बाईंना किती कष्ट पडत, ते मला खालून दिसायचं. लोक म्हणत, पद रंगलं. मला ते कधी पटलं नाही. गाणं रंगलं होतं आणि प्रवेश पडला होता.

बालगंधर्वांच्या ऐन उमेदीतल्या रंगमंचावरच्या कामाचं चित्रीकरण आपल्याकडे नाही. आहेत त्या 78 फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांच्या. रंगमंचावर तीच पदं कितीतरी लांबत असत. म्हणून तबकडीवरून त्यांच्या नाट्यगायनाचा पूर्ण अंदाज बांधता येत नाही, आणि नुसत्या आठवणींवर विसंबलं तर भक्तीच हाती लागते. तरी त्या तीन मिनिटांतही एक गोष्ट कान देऊन ऐकणाऱ्याला नक्की कळते: त्यांच्या गाण्यात शब्द कधीच स्वराच्या पायाखाली जात नाही.

‘नाथ हा माझा’ घ्या. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी कृष्णाबद्दल गाते आहे, राग यमन. यमन म्हटलं की कुठल्याही गायकाला गंधार-निषादाची भूल पडते, तिथे रेंगाळावंसं वाटतं. बालगंधर्व रेंगाळतात, पण ‘नाथ’ या शब्दात रेंगाळतात. त्या शब्दाचा आकार लांबतो तो लग्न न झालेल्या मुलीनं मनातल्या मनात हक्क सांगावा तसा, आणि ‘माझा’वर येताच आवाज किंचित आत घेतला जातो, आपणच आपलं बोलणं ऐकून लाजावं तसा. तान येते ती शब्दाच्या अंगातून निघते आणि त्याच शब्दात परत विरते. ती काढून टाकली तर शब्द अर्धवट वाटेल. हीच कसोटी मी पुढे प्रत्येक गायक नटाला लावत आलो: ही तान काढली तर गाण्याचं नुकसान होईल की पात्राचं? फक्त गाण्याचं होणार असेल, तर ती तान मैफलीची आहे.

जुन्या लोकांच्या लिहिण्या-बोलण्यात त्यांच्या गाण्याबद्दल ‘आस’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ सोपा करून सांगायचा तर एक स्वर संपण्याआधीच दुसऱ्याची चाहूल त्यात असते, सूर मध्ये तुटत नाही. हे नाटकाच्या दृष्टीनं का महत्त्वाचं? सूर तुटला की प्रेक्षक जागा होतो. त्याला आठवतं की आपण खुर्चीवर बसलो आहोत आणि समोर कुणीतरी गातं आहे. आस टिकली की तो आत राहतो. शिवाय त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायला हवा आणि तरी तो बाईचा, घरातला, लाडिक वाटायला हवा. ओरडलं की लाडिकपणा गेला, हळू गायलं की मागचा प्रेक्षक गेला. न तुटणारा, गोल, पुढे फेकलेला स्वर हे या अडचणीवरचं उत्तरही होतं.

त्यांच्या साथीदारांचाही यात मोठा वाटा आहे, आणि परीक्षणांमध्ये तो नेहमी राहून जातो, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष होते. ऑर्गनचे स्वर ठोक असतात, एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर घसरत जाता येत नाही. सारंगीला ते येतं, गळ्याच्या मागोमाग ती प्रत्येक वळण घेते. म्हणजे ऑर्गन खालची जमीन द्यायचा आणि सारंगी सावलीसारखी सोबत चालायची. लयीत बालगंधर्व मात्रेवर धपकन उतरत नाहीत. शब्द तालाच्या थोडा मागे-पुढे ठेवून ते बोलल्यासारखं गातात आणि समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, अगदी सहज येतात. असं बिनधास्त खेळायला खाली थिरकव्यांसारखा ठेका असावा लागतो. पक्क्या जमिनीवरच माणूस बेफिकीर चालतो.

आता ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर. आपल्याला हे नाटक पाठ झालेलं आहे म्हणून त्या निवडीतला धोका लक्षात येत नाही. ज्या नटाचे शालू आणि दागिने बघायला लोक यायचे, ज्याची केशरचना आणि लुगडी नेसण्याची तऱ्हा घरोघरच्या बायका उचलायच्या, तो नट इथे एका दारुड्याची दरिद्री बायको होऊन फाटक्या लुगड्यात उभा राहिला. रूप गेलं, नखरा गेला. खाडिलकरांच्या नायिकांचा मानीपणाही सिंधूकडे नाही. उरला फक्त गळा, आणि तोही चैनीसाठी वापरायचा नाही.

समोर बोडस. कसलेले गद्य नट. त्यांचं भांडवल म्हणजे शब्द आणि चेहरा. अशा नटासमोर गाऊन उभं राहणं फार अवघड असतं, कारण तो खऱ्या माणसासारखा बोलत असतो आणि तुम्ही मध्येच गाऊ लागता. गाणं किंचित जरी खोटं पडलं तर त्याच्या खरेपणापुढे ते लगेच उघडं होतं. ‘कशि या त्यजू पदाला’ हे पद त्यामुळे मला बालगंधर्वांच्या अभिनयाचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतं. माहेरी चल असा आग्रह होतो आहे आणि सिंधू नवऱ्याचे पाय सोडायला तयार नाही. ती वाद घालत नाही, तिच्याकडे वादाचे मुद्देच नाहीत. जिथे मुद्दे संपतात तिथे पद सुरू होतं. गाण्याला नाटकात जागा का असावी, याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही. आज सिंधूचा हा निर्णय आपल्याला पटत नाही, मलाही पटत नाही. पण त्या पदाच्या काळापुरती तिची बाजू कळते, आणि ते श्रेय नटाचं आहे.

इथे कौतुकाचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत, कारण बालगंधर्वांबद्दल लिहिताना ते नेहमी एकत्र होतात. 12 मार्च 1911 ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग झाला, ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट सांगताना आजही आवाज कापतो. पण ती त्यांच्या धीराची गोष्ट आहे, आणि मंडळीतल्या माणसांबद्दल, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांबद्दल त्यांना वाटणाऱ्या बांधिलकीची आहे. त्या रात्री भामिनीचा रुसवा किती खरा वाटला, हे त्यावरून ठरत नाही. तसंच शालूंचं, अत्तरांचं, खऱ्या दागिन्यांचं. ते वैभव होतं, लोकांना त्याचा आनंद मिळाला, आणि त्या वैभवापायी गंधर्व मंडळी कर्जातही बुडाली. परीक्षण लिहिणाऱ्यानं या सगळ्याचा आदर ठेवून पुन्हा त्या एका प्रश्नाकडे यावं: पात्र दिसलं का?

आणि बालगंधर्वांच्या बाबतीतही या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ असं येत नाही. याला कारण झाला ‘वन्समोअर’. एखादं पद आवडलं की प्रेक्षक ते पुन्हा मागायचे, नट पुन्हा गायचा, कधी तिसऱ्यांदाही. नाटकं रात्रभर चालत. गायक नटाच्या कीर्तीचं मोजमापच किती वन्समोअर मिळाले यावर होऊ लागलं. आता विचार करा, नायिका रडत गायली, रडून झाली, गोष्ट पुढे जाणार इतक्यात टाळ्या पडल्या आणि ती तेच रडणं पुन्हा पहिल्यापासून रडू लागली. पहिल्यांदा ते सिंधूचं होतं. दुसऱ्यांदा ते प्रेक्षकांच्या फर्माइशीचं झालं. ज्या नटानं बोलणं-गाण्याची शिवण अदृश्य केली, त्याच नटाला प्रेक्षकांच्या प्रेमानं ती उसवायला लावली. मला यात बालगंधर्वांना दोष द्यावासा वाटत नाही. समोरच्या रसिकांना ते मायबाप मानत आणि मायबापांना नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण नाटकाला त्याची किंमत मोजावी लागली, हे प्रेमानंच सांगितलं पाहिजे.

तुलनेसाठी 8 जुलै 1921 ची रात्र आठवावी. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकाच रंगमंचावर. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. केशवरावांचा गळा चढा, तेजस्वी, तान भाल्यासारखी जाणारी. बालगंधर्वांचं गाणं लडिवाळ, मिंडेनं म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत वळणारं. कोण सरस, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. मला त्या वादात पडायचं नाही, कारण या नाटकात तो प्रश्नच जरा चुकीचा आहे. धैर्यधर शूर सेनापती आहे, भामिनी श्रीमंत घरची मानी मुलगी. एकाचं गाणं भाल्यासारखं आणि दुसरीचं वेलीसारखं, हे नाटककाराला हवंच होतं. त्या रात्री दोन गळ्यांमधला फरक हा दोन पात्रांमधला फरक झाला. दुर्दैवानं केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. पुढे धैर्यधराच्या पदांना दीनानाथ मंगेशकरांनी आपला विजेसारखा गळा दिला. गोव्यातल्या मंगेशीचा हा माणूस वेगळ्याच वाटेनं गेला. चाल कुठून कुठे वळेल याचा नेम नाही, स्वर अचानक झेप घेणार. ज्याला बालगंधर्वांचा शांतपणा हवा असे त्याला दीनानाथ आक्रमक वाटत, पण धैर्यधर आक्रमकच आहे.

नंतर काळ बदलला. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, गाणी मोजकी ठेवली आणि केशवराव भोळ्यांनी त्यांच्या चाली भावगीताच्या वळणाच्या केल्या. भोळे स्वतः संगीताचे मार्मिक समीक्षक होते, त्यामुळे पदांचा पसारा नाटकाला कुठे जड होतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मूळच्या गोव्याच्या ज्योत्स्ना भोळे त्यात गायल्या, आणि 1942 च्या ‘कुलवधू’नं त्यांना घराघरांत नेलं. बोलणं आणि गाणं यांतली दरी इथे पुन्हा उंबरठ्याएवढी झाली. दमछाक कमी झाली, थरारही थोडा कमी झाला, असं मला वाटतं.

तो थरार परत आला 1967 मध्ये, पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मधून. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ची. खाँसाहेब आफताब हुसेन झाले डॉ. वसंतराव देशपांडे. वय सत्तेचाळीस, आयुष्याची बरीच वर्षं सरकारी हिशेबखात्यातल्या नोकरीत गेलेली, अनेक घराण्यांचं गाणं अंगात मुरलेलं. या नाटकानं अडचणीवर एक फार हुशार तोड काढली. पात्रंच गवई घेतली. गवई गातो यात अस्वाभाविक काहीच नाही, त्यामुळे दरी एका फटक्यात बुजली. पण मग वेगळाच प्रश्न उभा राहतो. पात्र गवई आणि नटही गवई, तर मैफल कुठे संपते आणि नाटक कुठे सुरू होतं?

‘घेई छंद मकरंद’ या पदात त्याचं उत्तर आहे. शब्द एकच, चाली दोन. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी असलेल्या पंडितजींच्या परंपरेची चाल संथ, आलापीनं पाकळी-पाकळी उलगडणारी. खाँसाहेबांची चाल चपळ, ठेक्याला झोंबणारी, मधेच झडप घालणारी. नाटकातला सगळा झगडा त्या दोन चालींत आहे. वसंतराव जेव्हा ती दुसरी चाल गातात तेव्हा त्यांची तयारी दिसते, आणि तिच्यामागे एका माणसाचा अहंकार, त्याची भूक, आपल्या गाण्याला हिणवलं गेल्याची जुनी जखमही ऐकू येते. इथे तान अवघड असणं हाच अभिनय आहे, कारण अवघड तान टाकून समोरच्याला नमवणं हा खाँसाहेबांचा स्वभाव आहे. मघाशी सांगितलेली कसोटी लावून पाहा. ती तान काढली तर नुकसान खाँसाहेबांचं होतं.

सूर न लावताही एखाद्या नटाचं ‘संगीत’ काम थोर असू शकतं, हे मला ‘घाशीराम कोतवाल’नं शिकवलं. 1972 चं हे नाटक, लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. ब्राह्मणांची माणसांनीच केलेली भिंत डुलते, गाते, पडदा होते. त्यात मोहन आगाशांचा नाना फडणवीस. त्यांचं चालणं, थबकणं, मान वळवणं, बोटं हलवणं, सगळं त्या वादनाच्या लयीत बसलेलं. गायक नटाच्या परीक्षणात आपण गळ्याबद्दल लिहितो आणि पायांबद्दल विसरतो. नानाचे पाय बघितले की ते विसरणं चूक आहे हे कळतं.

आणि आजच्या काळात प्रशांत दामले. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी 12,500 वा प्रयोग केला. गवई म्हणून त्यांची ओळख नाही. पण ‘एका लग्नाची गोष्ट’मधलं ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ हे गाणं आठवा, श्रीरंग गोडबोल्यांचे शब्द, अशोक पत्कींची चाल. प्रश्न विचारता विचारता माणूस कधी गाऊ लागला हे कळत नाही. चाल जाणूनबुजून बोलण्याजवळ ठेवलेली आहे आणि नट ती बोलतच गातो. लोक वन्समोअर देतात, तो घेतोही, आणि तरीही पात्र सुटत नाही, कारण ‘सुख म्हणजे काय’ हा प्रश्न माणूस दोनदा विचारूच शकतो!

म्हणून एखादं परीक्षण हातात आलं की मी विशेषणं सोडून क्रियापदं शोधतो. ‘सुरेल’, ‘भावपूर्ण’, ‘दमदार’ यांतून मला काही मिळत नाही. हे शब्द कुठल्याही रात्रीला, कुठल्याही नटाला लागू पडतात. पण ‘शेवटच्या ओळीवर तिनं सूर सोडून शब्द नुसता उच्चारला’ असं कुणी लिहिलं असेल, तर मला तो प्रयोग न बघताही दिसतो. पद चालू असताना समोरचा नट काय करत होता हे लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्यानं खरोखर नाटक बघितलं आहे अशी माझी खात्री पटते. ऐकणारा नट हा पदाचा अर्धा भाग असतो. सिंधू गात असताना सुधाकर कंटाळून छताकडे बघू लागला तर बालगंधर्वांचाही गळा त्या प्रवेशाला वाचवू शकला नसता. पद संपल्यावर पहिलं गद्य वाक्य कसं आलं, हेही कुणी फारसं लिहीत नाही. गाण्यात शिरताना नट सावध असतो. बाहेर येताना टाळ्यांच्या नादात तो बहुतेक वेळा हरवतो.

सर्वोत्तम परीक्षण मात्र मला कागदावर सापडलं नाही. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावानं ती पदं स्वतः गायली. नक्कल केली नाही, लडिवाळपणा उचलला नाही. कुठला शब्द का लांबवला, कुठे श्वास घेतला, समेवर न आपटता कसं उतरलं, याचा विचार करून तो विचार आपल्या गळ्यातून मांडला. एका गायकानं दुसऱ्याचं केलेलं इतकं नेमकं कौतुक विरळा. ‘उमजलेले’ हा शब्द मला त्यात विशेष आवडतो, आवडलेले असं त्यांनी म्हटलं नाही.

आमच्या त्याच हौशी मंडळात पुढे एका वर्षी सिंधू करायला एक बाई आल्या होत्या. आवाज साधा, तानेला जरा अडखळणारा. तालमीत त्यांनी मला एवढंच सांगितलं, ‘दादा, सूर मोठा धरू नका, मला ऐकू येईल इतकाच धरा.’ प्रयोगाच्या रात्री मी षड्ज धरून बसलो होतो आणि वर बघत होतो. त्या बोलत होत्या, बोलत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की तबला चालू झाला आहे. पदात त्या नेमक्या कुठे शिरल्या ते हातभर अंतरावरून बघूनही मला सांगता आलं नसतं. घरी येऊन मी बालगंधर्वांची ‘कशि या त्यजू पदाला’ची तबकडी लावली. खरखर सुरू झाली, मग ऑर्गन, मग ‘कशि या’. तेव्हापासून कितीदा तरी ऐकली असेल. ‘कशि’ हे अक्षर बोललेलं आहे की गायलेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.